चादरी उडाल्या हे खरं, माणसं मेली हे खोटं

मागच्या अंकात एका वाचकाने पावसाळ्यात पुरेल असं जाडजूड पुस्तक विचारलं होतं. मी गाब्रिएल गार्सिया मार्केसची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ सुचवली आणि टपालाचा पूर आला. त्यामुळे या वेळी सदरात हे एकच पुस्तक. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मूळ कादंबरी स्पॅनिश, १९६७ सालची. ग्रेगरी रबासाचं इंग्रजी भाषांतर १९७०चं, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असतं ते हेच. माकोंदो नावाच्या गावात बुएंदिया घराण्याच्या सात पिढ्या नांदतात, भांडतात आणि एकेकट्याने मरतात. शेवट मी खाली कुठेही फोडलेला नाही.

प्रश्न: ताई, मी डिचोलीत प्राथमिक शाळेत शिकवते. तुमचं ऐकून ही कादंबरी आणली. संपली तशी पुन्हा पहिलं पान उघडलं. आता दुसरं पुस्तक हातात धरवत नाही. नवरा जेवताना विचारतो, ‘काय म्हणतात तुझी माकोंदोची मंडळी?’ सासूबाईंना मोठ्या उत्साहाने सांगायला गेले की एक सुंदर मुलगी चादरींच्या घड्या करता करता आकाशात उडून जाते. त्या भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘हातूंत कितें नवल?’ मला इतका राग आला! हे पुस्तक मला का एवढं आवडलं ते मला कुणालाच सांगता येत नाही. कसं सांगू?
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर: सासूबाईंवर रागावू नका. हे पुस्तक जसं ऐकायला हवं तसंच त्यांनी ते ऐकलं.

मार्केसचं लहानपण कोलंबियातल्या आराकाताका गावी आजोळी गेलं. आजोबा कर्नल, १८९९ ते १९०२ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धात लढलेले. आजी घर सांभाळायची आणि मेलेल्या माणसांबद्दल, शकुन-अपशकुनांबद्दल असं बोलायची की जणू दूधवाल्याचा हिशेब सांगतेय. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही. घरी विजेच्या कामाला एक माणूस यायचा, आणि आजी फडक्याने फुलपाखरू हाकलत म्हणायची, हा आला की हे घरात शिरतंच. कादंबरीतल्या मॉरिसिओ बाबिलोनियाभोवती पिवळी फुलपाखरं घिरट्या घालतात, त्यांचं मूळ तिथे आहे. मार्केसने अनेकदा सांगितलंय की त्याला बरीच वर्षं ही कादंबरी लिहिता येत नव्हती, कारण सूर सापडत नव्हता. आणि सूर होता आजीचा.

आता तुमच्या सासूबाईंकडे बघा. त्या डिचोली तालुक्यातल्या. शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, या सख्ख्या बहिणी, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलेलं नाही. एक देवळात, दुसरी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये. एकीकडून मोगरीची फुलं जातात, दुसरीकडून तेल. बहिणी-बहिणींत देणंघेणं असायचंच. आमच्या प्रियोळच्या घरी आजी सकाळी चूल पेटवता पेटवता सांगायची, ‘राती देवचार गेलो. व्हाणो झरल्यात ताज्यो, नव्यो दवरूंक जाय.’ गावाची राखण करत रात्रभर चालणाऱ्याच्या वहाणा झिजणारच, आणि नव्या घ्यायच्या तर पैसे लागणारच. आजीच्या बोलण्यात भीती नव्हती, भक्तीही फारशी नव्हती. खर्च होता.

त्या चादरींचा प्रसंग पुन्हा काढून वाचा. रेमेदिओस वर गेली, हे आपल्या लक्षात राहतं. पण चादरी कुणाच्या होत्या? फर्नांदाच्या. घरातली ही सून स्वतःला राजकन्या समजणारी, सोन्याचं शौचपात्र घेऊन आलेली. चमत्कार झाला हे ती मुकाट मान्य करते, आणि पुढे कितीतरी दिवस देवाकडे प्रार्थना करत राहते की बाबा रे, माझ्या चादरी तेवढ्या परत दे. आकाशात गेलेल्या पोरीवर माझा विश्वास बसला तो या एका वाक्याने. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एक तरी फर्नांदा आहे. घरात मयत झालं तरी गेलेली भांडी मोजणारी. मार्केसलाही ही मुलगी वर जाईना म्हणे. मग दारी एक बाई वाऱ्यात चादरी वाळत घालताना दिसली, चादरी हातातून सुटू बघत होत्या, आणि त्याचं काम झालं.

पण तुम्ही विचारता ‘का आवडलं’. माझं उत्तर जरा वेगळ्या पानांवर आहे. माकोंदोत केळ्यांची कंपनी येते. आगगाडी येते, जाळीच्या कुंपणामागे परक्या साहेबांची घरं उठतात, गावात पैसा खुळखुळतो. मजूर संप करतात. स्टेशनसमोर जमलेल्या गर्दीवर लष्कर मशीनगन चालवतं. होसे आर्कादिओ सेगुंदो नावाचा एक बुएंदिया शुद्धीवर येतो तो प्रेतांनी भरलेल्या आगगाडीत. तो उडी मारून निसटतो, गावात परततो आणि सांगतो की तीन हजारांवर माणसं मारली. ज्या बाईच्या घरी तो शिरतो ती म्हणते, इथे कुणी मेलेलं नाही. सरकार म्हणतं, मजूर आपापल्या घरी गेले. मग पाऊस सुरू होतो तो चार वर्षं, अकरा महिने आणि दोन दिवस.

म्हणजे ज्या गावाने उडणारी मुलगी पचवली, पाद्री गरम चॉकलेट पिऊन जमिनीपासून वर उचलला गेला तेही पाहिलं, त्याच गावाला आपल्याच स्टेशनवरची प्रेतं मात्र खोटी वाटतात. माझ्या लेखी हे पुस्तक इथे आहे. फुलपाखरं वगैरे त्याची वाट.

आणि ही गोष्ट मुळात घडलेली आहे. ६ डिसेंबर १९२८च्या पहाटे कोलंबियातल्या सिएनागा गावी, युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकरी मजुरांवर लष्कराने गोळीबार केला. किती मेले, याचा वाद आजही मिटलेला नाही. मार्केस तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. त्याने ही गोष्ट मोठ्यांच्या तोंडून ऐकली. तीन हजार हा आकडा कादंबरीचा आहे, इतिहासाचा नाही. गंमत अशी की पुढे त्याच्या देशात लोक कादंबरीतला आकडाच खरा म्हणून सांगू लागले.

तुम्ही डिचोलीच्या, खाणींच्या तालुक्यातल्या, कंपनी म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगायचं. कपडे वाळत घातले की तांबडे, ट्रकांच्या रांगेत शाळेची मुलं अडकलेली, आणि त्याच ट्रकांच्या हप्त्यांवर उभी राहिलेली घरं. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा अंगणाअंगणांत ट्रक उभे राहिले आणि त्यांच्या चाकांत गवत उगवलं. आमच्याकडे कुणी मशीनगन लावली नव्हती, तेव्हा ही तुलना मी इथेच थांबवते. पण कंपनी गेल्यानंतरच्या माकोंदोची जी पानं आहेत, ती मुंबईच्या वाचकापेक्षा तुम्हाला जास्त लागली असतील. तुमच्या पत्रात तुम्ही हे लिहिलेलं नाही. मला वाटतं तिथे शोधा.

राहिलं कसं सांगायचं. कथानक सांगू नका. घराण्याची गोष्ट सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला लग्नपत्रिका वाचल्यासारखं होतं. सासूबाईंच्या शेजारी बसा आणि निद्रानाशाच्या साथीचं प्रकरण कोंकणीत सांगत सांगत वाचा. गावाची झोप उडते. आधी सगळे खूश, कामं भराभर होतात. मग एकेक विसरायला लागतं. घरातला मुलगा ऑरेलियानो नावं लिहून ठेवायची युक्ती काढतो आणि त्याचा बाप घरभर वस्तूंवर नावं लिहितो: टेबल, खुर्ची, घड्याळ, दार. मग नाव आठवूनही उपयोग काय ते आठवणार नाही म्हणून गायीच्या गळ्यात पाटी येते, ही गाय, हिची रोज सकाळी धार काढायची. म्हातारं माणूस ज्या घरात आहे तिथे हे वाचताना कुणी ‘नवल’ शब्द काढत नाही. त्या काय म्हणतात ते मला जरूर कळवा.

प्रश्न: मी निवृत्त कारकून. नोंदणी खात्यात आयुष्य गेलं, तरी या कादंबरीने मला हरवलं. बाप होसे आर्कादिओ, मुलगा होसे आर्कादिओ, नातू आर्कादिओ, ऑरेलियानो तर किती ते देव जाणे. वहीत वंशावळ काढली, तिसऱ्या पिढीला पेन्सिल ठेवली. लेखकाला दुसरी नावं सुचत नव्हती काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: काका, हा प्रश्न तुम्ही विचारावा! तुमच्या टेबलावर आलेल्या इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांच्या वाटणीची, कागदपत्रं आठवा. आजोबांचं नाव नातवाला, पणजोबांचं पणतूला. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, म्हणून नातवाला आयुष्यभर बाबू म्हणायचं. आणि वाटणीच्या वेळी अर्जावर चार जणांची नावं सारखीच. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा हिस्सा, त्यामुळे यादी लांबतच जाते आणि घराला कुलूप लागतं. तुम्ही हे सगळं चष्मा पुसत निस्तरलंत. बुएंदियांचं तेवढं जड जातंय, कारण तिथे सह्या घ्यायच्या नाहीत.

मी ग्रंथालयाच्या काउंटरवर होते तेव्हा आमच्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचकांनी पेन्सिलीने वंशावळ काढलेली होती. एकाने सुरू केलेली, दुसऱ्याने खोडून दुरुस्त केलेली, तिसऱ्याने समासात ‘हे चूक आहे, पान पाहा’ असं लिहिलेलं. पुस्तकावर लिहिणाऱ्याला दंड होता. त्या पानासाठी मी कुणाला दंड केला नाही.

वंशावळ काढायचा नाद सोडा. बऱ्याच आवृत्त्यांत ती पुढे छापलेली असते, तीही बघू नका. कुणाचं कुणाशी जुळलं ते आधीच कळतं आणि मजा जाते. किल्ली खुद्द उर्सुलाच्या, घराण्याच्या मूळ आईच्या, हाती आहे. ती म्हातारपणी हिशेब मांडते की घरातले सगळे ऑरेलियानो आतल्या गाठीचे पण डोक्याने तल्लख, आणि सगळे होसे आर्कादिओ उधळे, धडाडीचे, नशिबाने फुटके. एवढं ध्यानात ठेवलं की नाव चुकलं तरी माणूस चुकत नाही. एका जोडीला हा नियम उलटा लागतो: जुळे भाऊ. त्यांनी लहानपणी एकमेकांची नावं बदलून इतकी थट्टा केली की शेवटी ते स्वतःच गोंधळले असावेत असा उर्सुलाचा संशय. त्यांच्या दफनाचा प्रसंग येईल तेव्हा सावकाश वाचा.

आणि बायकांना धरून चाला. उर्सुला, पिलार तेर्नेरा, अमारांता, माती खाणारी रेबेका, फर्नांदा, आणि सगळ्यांचं करून कुणाच्या डोळ्यावर न येणारी सांता सोफिया. पुरुष युद्धं करतात, किमया करतात, सोन्याचे मासे घडवतात आणि वितळवतात. कर्नल ऑरेलियानोने ३२ उठाव केले आणि ३२ही हरला. घरात पीठ कुठून आलं ते उर्सुलाला माहीत. साखरेचे प्राणी करून विकले म्हणून आलं. ती आंधळी होते तेही घरात कुणाला कळत नाही, इतकी तिला प्रत्येकाची जागा आणि वास पाठ. शंभरी ओलांडून जगते. तिचा पदर धरला तर तुम्ही निम्म्याहून जास्त पुस्तक पार कराल.

प्रश्न: मी केपें तालुक्यातली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे पुस्तक वाचल्यापासून मलाही आमच्या घराण्याची अशीच कादंबरी लिहायची आहे. आमचं घर जुनं, राजांगणाचं. पणजोबांनी पोर्तुगीज राज्य पाहिलं, आजोबा गोव्याच्या सोडवणुकीच्या वेळी तरुण होते. देवचार आहे, देवीचा कौल आहे, एक वेडी आत्याआजी आहे. पहिली दोन प्रकरणं लिहून झाली. ती मैत्रिणींना आवडली, पण मला वाचताना खोटी वाटतात. काय चुकतंय?
— एक विद्यार्थिनी, केपें

उत्तर: बाय, स्वतःचं लिहिलेलं खोटं वाटतं म्हणजे तुझा कान शाबूत आहे. मैत्रिणींचं सोड.

तू प्रकरणं पाठवलेली नाहीस, पण पत्रात सामानाची यादी दिलीस तीवरून अंदाज करते. देवचार, कौल, वेडी आत्याआजी. यातली एकही गोष्ट अजून कुणाची नाही. देवचाराला वहाणा कोण घेतं तुमच्याकडे? रोट कोण भाजतं? त्या दिवशी घरात भांडण काय होतं? आत्याआजीच्या नावावर किती माड होते आणि ते कुणी पाडले? हे आलं की देवचार आपोआप चालू लागेल. मार्केस मुळात वार्ताहर होता आणि तो धडा त्याने कधी सोडला नाही. त्याचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे: आकाशात हत्ती उडताहेत म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, ४२५ हत्ती उडताहेत म्हटलं तर ठेवतील. पाऊस ‘बरीच वर्षं’ पडला असं तो म्हणत नाही. होसे आर्कादिओच्या रक्ताची धार घरातून निघून रस्त्याने, कठड्यांवरून, गालिचा खराब होऊ नये म्हणून भिंतीकडेने जात उर्सुलाच्या स्वयंपाकघरात पोचते, तेव्हा ती पावासाठी ३६ अंडी फोडायच्या तयारीत असते. त्या अंड्यांचा आकडा काढून टाक आणि परिच्छेद पुन्हा वाचून बघ.

दुसरं, जुनं घर म्हटलं की आपल्याला लगेच गहिवर येतो. राजांगणातला पाऊस, तुळशीवृंदावन, सोप्यावरचा आजोबांचा आरामखुर्चीतला फोटो. मार्केसला गहिवर येत नाही. तो या घराण्यावर प्रेम करतो आणि त्याला जराही माफ करत नाही. तुझ्या पणजोबांनी कुळांशी कसं वागलं ते लिहिशील का? मुंडकारांच्या, म्हणजे मालकाच्या जमिनीत राहणाऱ्यांच्या, झोपडीचा विषय निघाला की घरात कोण गप्प बसायचं? मोठ्यांना न दुखावता ही कादंबरी होणार नाही. हे तुला झेपणार नसेल तर आजीच्या पाककृती लिही, त्याही गरजेच्या आहेत.

तुझ्या शेजारच्याच सांगे तालुक्यात कुर्डी आहे. साळावली धरणात गेलेलं गाव, मोगूबाई कुर्डीकरांचं. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं. घरांचे चौथरे, वाटा, सोमेश्वराचं देऊळ. उठून गेलेली माणसं परत येतात, देवळात पूजा होते, जेवणं होतात, आपल्या घराच्या जागी उभं राहून नातवंडांना दाखवतात की इथे चूल होती. मग पाऊस लागतो आणि गाव पुन्हा खाली जातं. यात काय मिसळायचं आहे? एका माणसाने तिथे नारळ फोडताना शेजाऱ्याशी हद्दीवरून भांडण काढलं असं लिहिलंस तर पुरे.

घाई करू नकोस. मार्केसच्या डोक्यात हे घर तरुणपणापासून होतं. माकोंदो त्याच्या १९५५च्या पहिल्या छोट्या कादंबरीत येऊन गेलं होतं. १९६५ साली मेक्सिकोत कुटुंबाला घेऊन समुद्रावर जायला निघाला असताना गोष्टीची सुरुवात सुचली, आणि तो दीड वर्ष लिहित बसला. घर बायकोने, मेर्सेदेसने, उधारीवर चालवलं. हस्तलिखित ब्वेनोस आयरेसला पाठवायला टपालखर्च पुरेना, तेव्हा आधी अर्धंच पाठवलं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी घरातला हीटर, केस वाळवायचं यंत्र असं काहीबाही गहाण पडलं, ही हकिकत तो स्वतःच सांगायचा. ३० मे १९६७ला पुस्तक आलं. त्याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही याचं सार्वमत झालं होतं आणि गोवा वेगळा राहिला. तुझ्या आजोबांनी फूल की दोन पानं, म्हणजे विलीन की वेगळं, यावर घरात केवढी भांडणं पाहिली असतील! ते विचारलंस का त्यांना? नसलंस तर वही घेऊन आजच बस. दोन प्रकरणं बाजूला ठेव, फाडू नकोस.

प्रश्न: माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. माझ्या उशाशी पुस्तक पाहून तिलाही वाचायचंय. पण त्यात आत्या-भाच्याचे संबंध, वेश्या, नको नको ते सगळं आहे. देऊ का?
— एक आई, फोंडा

उत्तर: आहे खरं सगळं. भाऊबंदांतल्या लग्नामुळे डुकराच्या शेपटीचं मूल होईल, ही या घराण्याची पहिल्या पानांपासूनची भीती, त्यामुळे ते गाळून पुस्तक उरत नाही. मला त्या आत्या-भाच्याचं तितकं वाटत नाही, कारण लेखक त्याकडे डोळे उघडे ठेवून बघतो. मला आजही खुपते ती धाकटी रेमेदिओस, उडून गेलेली नव्हे. ऑरेलियानो तिच्या प्रेमात पडतो तेव्हा ती बाहुल्यांशी खेळायच्या वयाची असते, वयात येताच तिचं लग्न लागतं आणि ती लवकरच मरते. कादंबरी हे फार गोड करून सांगते. कितीही थोर पुस्तक असलं तरी ही गोडी मला सोसत नाही, आणि ‘त्या काळी तसंच होतं’ हे उत्तर आपण आपल्या आज्यांच्या बाबतीतही फार स्वस्तात देतो.

पंधरा वर्षांच्या मुली आपल्याला वाटतं त्याहून बरंच काही वाचून बसलेल्या असतात, फोनवर. लपवलंत तर ती लपून वाचेल. द्या, पण तुम्हीही सोबत पुन्हा वाचा, आणि रेमेदिओसपाशी पोचाल तेव्हा तिला काय वाटलं ते विचारा. कंटाळली आणि ठेवून दिलं तर हट्ट करू नका. हे पुस्तक विशीत, चाळिशीत आणि सासू झाल्यावर निरनिराळं लागतं.

प्रश्न: आधी मालिका पाहू की आधी पुस्तक वाचू?
— वास्को

उत्तर: पुस्तक. मार्केसने हयातीत या कादंबरीचा चित्रपट होऊ दिला नाही. २०१४ साली तो गेल्यावर मुलांनी परवानगी दिली आणि डिसेंबर २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर पहिला भाग आला, कोलंबियात चित्रित केलेला, स्पॅनिशमध्ये. घर त्यांनी सुरेख उभारलंय, त्यासाठी नंतर जरूर बघा. पण एकदा नटाचा चेहरा बसला की तुमची उर्सुला गेली.

प्रश्न: हे संपल्यावर काय वाचू? असंच काहीतरी हवं. मराठीत असेल तर उत्तम.
— एक वाचक, पेडणे

उत्तर: असंच लगेच नको. एका घराण्यातून निघून दुसऱ्या घराण्यात सरळ शिरलात तर दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळतील. मध्ये थोडे दिवस वर्तमानपत्र वाचा, कवितेचं एखादं पुस्तक चाळा.

मग श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’. उडणारं कुणी नाही, पण जगबुडी नदीकाठचं खोताचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चढतं आणि ढासळतं, त्यातली माणसं बुएंदियांच्या तोडीस तोड हट्टी आहेत. आपल्याच कोकणपट्टीतलं आहे ते पाणी. खाणीने गाव कसं आतून पोखरलं ते वाचायचं असेल तर पुंडलीक नायकांचं ‘अच्छेव’, १९७७चं, कोंकणीत. तुम्ही पेडण्याचे, तुम्हाला भाषांतराची गरज नाही. बारीक पुस्तक आहे, पण बसून वाचलं तर रात्री झोप लागत नाही.

इंग्रजी चालत असेल तर इसाबेल आयेंदेची ‘द हाउस ऑफ द स्पिरिट्स’. तिचे आजोबा चिलीत मरणशय्येवर होते, ती देशाबाहेर व्हेनेझुएलात. जाऊ शकत नव्हती, म्हणून ८ जानेवारी १९८१ला तिने त्यांना पत्र लिहायला घेतलं, आणि ते पत्र वाढत वाढत १९८२ला कादंबरी होऊन बाहेर पडलं. मार्केसच्या सावलीत आहे असं पुष्कळ जण नाक मुरडतात. पहिली शंभर पानं थोडं तसं वाटतंही. पुढे सत्तापालट येतो, कथेतल्या आजोबांनी आयुष्यभर ज्यांची बाजू घेतली तेच लोक त्यांच्या नातीला उचलून नेतात, आणि तिथून पुस्तक पूर्ण तिचं आहे.

‘तुंबाडचे खोत’चे दोन खंड आहेत. ग्रंथालयात पहिला बहुधा कुणीतरी नेलेला असतो आणि दुसरा धूळ खात पडलेला. नाव नोंदवून वाट बघा, दुसऱ्यापासून सुरू करू नका.